छायाचित्रं डेटाबेसमध्ये ठेवावीत की फाइल म्हणून?

पानफूल

आम्ही काही जण मिळून रानातल्या वनस्पतींच्या नोंदींचं संकेतस्थळ बांधतोय. सभासदाने छायाचित्र चढवायचं, सोबत तारीख, अधिवास, फुलोरा आहे की फळं धरलीत एवढं लिहायचं, आणि जाणकारांनी ओळख पक्की करायची, असं साधं काम आहे. नोंदींसाठी मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरायचं ठरलंय, त्याबद्दल वाद नाही. गाडं छायाचित्रांपाशी अडलंय.

गटात सरळ दोन तट आहेत. पहिल्याचं म्हणणं, नोंदीशेजारीच कच्चे बाइट साठवणारा ब्लॉब प्रकारचा रकाना ठेवू आणि चित्राचे बाइट त्यात भरू. नोंद आली की चित्र आलं, नोंद गेली की चित्र गेलं, बॅकअप एकच. दुसऱ्याचं म्हणणं, चित्रं डिस्कवर फोल्डरमध्ये ठेवू आणि टेबलमध्ये फक्त पत्ता लिहू. माझा कल पहिल्या बाजूला आहे, पण वेगासाठी नव्हे. आमच्या कामात छायाचित्र हाच पुरावा. नोंद शाबूत आणि छायाचित्र गायब असं झालं तर त्या नोंदीला काही अर्थ उरत नाही. काही वर्षांनी एखादा अभ्यासक ती ओळख तपासायला आला, तर त्याला दाखवायचं काय?

तपशील असा: मूळ चित्र मोबाइलवरून येतं, साधारण ३ ते ८ एमबी. त्यापासून आम्ही दोन लहान आवृत्त्या बनवतो, यादीत दिसणारं लघुचित्र आणि नोंदीच्या पानावरचं मध्यम चित्र. काही वनस्पती दुर्मीळ आहेत. त्यांची मूळ चित्रं फक्त ओळख पक्की करणाऱ्यांनाच दिसावीत, बाकी कुणाला नाही. सध्या सर्व्हर एकच आहे.

वेग, बॅकअप आणि खासगी चित्रं, या तिन्ही अंगांनी सांगा. नुसतं 'हे करा' म्हणू नका, का ते समजून घ्यायचंय.

साठवण

फाइल.

आता का ते. चित्र फाइलमध्ये असेल तर वेब सर्व्हर ते स्वतःच डिस्कवरून उचलतो आणि ब्राउझरला देतो. तुमचा प्रोग्रॅम जागाही होत नाही. वारंवार मागितली जाणारी चित्रं ऑपरेटिंग सिस्टिम आपसूक मेमरीत धरून ठेवते. चित्र ब्लॉबमध्ये असेल तर प्रत्येक मागणीला प्रोग्रॅम चालू होणार, डेटाबेसचं कनेक्शन घेणार, अख्खं चित्र स्वतःच्या मेमरीत आणणार आणि मग पुढे ढकलणार. समोरच्याचं इंटरनेट मंद असेल तर तेवढा वेळ ती प्रोसेस अडकून राहते, आणि कोड नीट लिहिला नसेल तर कनेक्शनसुद्धा. एका पानावर तीस लघुचित्रं असतील तर हे तीस वेळा.

दुसरी गोष्ट ब्राउझरच्या कॅशची. फाइल दिली की 'शेवटचा बदल कधी' हे हेडर (उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) आणि ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) वेब सर्व्हर स्वतः लावतो. ब्राउझरने पुन्हा विचारलं तर ३०४ उत्तर जातं, म्हणजे 'तुझ्याकडची प्रतच वापर', आणि चित्राचा एकही बाइट जात नाही. डाउनलोड मध्येच तुटलं तर उरलेला तुकडाच मागण्याची सोयही आयती मिळते. ब्लॉब असेल तर हे सगळं तुम्हाला लिहावं लागतं. अनेक जण लिहीत नाहीत, आणि मग तेच लघुचित्र तोच माणूस दिवसभर पुन्हा पुन्हा उतरवत राहतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलमधला साठवण सांभाळणारा भाग, आपली पानं मेमरीतल्या बफर पूल नावाच्या जागेत ठेवतो, एक पान १६ केबीचं. तिथे तुमचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूच्या) आणि रोजच्या नोंदी बसलेल्या हव्यात. ८ एमबीचं एक मूळ चित्र वाचलं की पाचशेहून जास्त पानं त्या जागेवर हक्क सांगायला येतात. चित्रामुळे शोध मंदावतो, आणि कारण शोधताना माणूस चित्राकडे बघतच नाही, डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाकडे, म्हणजे क्वेरीकडे, बघत बसतो.

उंबरठा

साठवण, तुमचे मुद्दे वेगाचे आहेत. पानफूल यांनी पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलंय की त्यांची काळजी वेगाची नाही. त्यामुळे डेटाबेसची बाजू नीट मांडतो, कारण ती नेहमी दोन ओळींत उडवली जाते.

डेटाबेसमध्ये चित्र असलं की नोंद आणि चित्र एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जातात. दोन्ही होतील, नाहीतर एकही होणार नाही. मध्येच वीज गेली तरी अर्धवट काही उरत नाही. फाइलच्या जगात ही हमी कोण देतं? फाइल सिस्टिमला तुमच्या ट्रान्झॅक्शनची गंधवार्ताही नसते. नोंद रोलबॅक झाली, म्हणजे मागे घेतली गेली, फाइल तशीच पडली. फाइल लिहिताना डिस्क भरली, नोंद मात्र कमिट, म्हणजे पक्की, झाली. कुणीतरी 'जुनी फोल्डरं' साफ केली. अशा प्रत्येक प्रसंगी दोन ठिकाणची माहिती एकमेकींपासून सुटते, आणि ती सुटल्याचं त्या दिवशी कुणाला कळतही नाही.

बॅकअपचंही तेच. डेटाबेसचा बॅकअप हा एका क्षणाचा असतो. फाइलची प्रत तासभर चालते, त्या तासात नवीन नोंदी येत असतात. मग बॅकअपमधली नोंद आणि बॅकअपमधलं चित्र एकाच क्षणाचं कसं असेल? रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप प्रत ठेवणं), प्रवेशाचे अधिकार, कुणी काय बदललं याची नोंद, हे सगळं डेटाबेस एकाच जागी देतो.

आणि 'फाइल नेहमी वेगवान' हेही खरं नाही. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या स्वतःच्या दस्तऐवजात मोजमाप दिलंय: साधारण १० केबीचे ब्लॉब एसक्यूलाइटमधून वाचणं हे तेच बाइट सुट्या फाइलींतून वाचण्यापेक्षा सुमारे ३५ टक्के जलद पडलं, आणि डिस्कवरची जागाही सुमारे २० टक्के कमी लागली.

कोरीपाटी

मी शिकतेय, म्हणून विचारते. चित्र बेस६४ करून, म्हणजे बाइटांची साधी अक्षरं बनवून, टेक्स्ट रकान्यात ठेवलं तर ब्लॉबची कटकट वाचेल ना? एका व्हिडिओत तसंच दाखवलं होतं.

साठवण

कोरीपाटी, नको. बेस६४ मध्ये दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात, म्हणजे चित्र फुकट एक तृतीयांशाने फुगतं. वर प्रत्येक वेळी उलटं रूपांतर करायचं. डेटाबेसमध्ये ठेवायचंच तर बायनरी रकान्यात कच्चे बाइट ठेवा. बेस६४ हे जिथे फक्त मजकूरच चालतो अशा वाटेने बाइट न्यायचे असतील तिथलं साधन आहे.

मध्यरात्र

उंबरठा आणि साठवण, दोघांचंही बरोबर आहे. तुम्ही वेगवेगळ्या आकाराच्या चित्रांबद्दल बोलताय, एवढंच.

हा प्रश्न २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये रसेल सीअर्स, कॅथरिन व्हॅन इंजेन आणि जिम ग्रे यांनी नीट मोजून पाहिला होता. एका बाजूला एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस, दुसऱ्या बाजूला एनटीएफएस फाइल सिस्टिम. निष्कर्ष असा की २५६ केबीहून लहान वस्तू डेटाबेसला सोयीच्या, १ एमबीहून मोठ्या फाइल सिस्टिमला, आणि मधल्या पट्ट्यात वाचन-लेखनाचं प्रमाण काय आणि वस्तू किती वेळा बदलल्या जातात यावर ठरतं. आकडे फिरत्या डिस्कच्या काळातले आहेत, दुसऱ्या डेटाबेसला किंवा आजच्या एसएसडीला ते जसेच्या तसे लावू नयेत. त्यातलं टिकाऊ निरीक्षण वेगळंच आहे. नव्याकोऱ्या डिस्कवर घेतलेली चाचणी फसवते, असं त्यांना दिसलं. वस्तू पुसून पुन्हा लिहिल्या जाऊ लागल्या की तुकडे विखुरतात, आणि सुरुवातीला पुढे असलेली पद्धत काही काळाने मागे पडते. संध्याकाळी बसून हजार चित्रं भरली आणि वेळ मोजला, यावरून काही ठरवू नका.

एसक्यूलाइटचा ३५ टक्क्यांचा आकडा खरा आहे, पण त्याचं कारण पाहा. हजारो सुट्या फाइली वाचताना प्रत्येक फाइल उघडायची आणि बंद करायची. डेटाबेसची फाइल एकदाच उघडलेली असते, तेवढा खर्च वाचतो. शिवाय लहान फाइलसुद्धा डिस्कचा पूर्ण ब्लॉक अडवते, तो अपव्यय टळतो. आता दोन अटी. एक, एसक्यूलाइट हे प्रोग्रॅमच्या पोटातच चालणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे, तिथे मध्ये नेटवर्कही नाही आणि वेगळा सर्व्हरही नाही. मायएसक्यूएलमध्ये तो टप्पा मध्ये येतोच. दोन, हे १० केबीच्या वस्तूंचं आहे. त्याच प्रकल्पाने मोठ्या ब्लॉबचीही तुलना केली आहे, आणि सुमारे १०० केबीच्या पुढे सुटी फाइल जलद पडते असं तेच सांगतात.

तेव्हा पानफूल, तुमची ३ ते ८ एमबीची मूळ चित्रं कुठल्याच मोजमापाने डेटाबेसच्या बाजूला पडत नाहीत. लघुचित्रांबद्दल चर्चा होऊ शकते. पण ती मुळापासून पुन्हा बनवता येतात, म्हणजे तुमच्या अर्थाने ती पुरावाच नाहीत.

पानफूल

लघुचित्र पुरावा नाही, हे वेगळं काढून पाहिलंच नव्हतं. धन्यवाद, मध्यरात्र. पण उंबरठा यांनी जी भीती मांडली तीच माझी आहे, आणि तिला अजून उत्तर मिळालेलं नाही.

साठवण

उत्तराआधी मायएसक्यूएलचे खाचखळगे सांगून ठेवतो, कारण तुमच्या गटातला पहिला तट ब्लॉब रकाना करायला निघालाय.

मायएसक्यूएलमध्ये 'ब्लॉब' नावाचा रकाना जेमतेम ६४ केबीचा असतो, ६५,५३५ बाइट. मीडियमब्लॉब १६ एमबी, लाँगब्लॉब ४ जीबी. मोबाइलचं छायाचित्र साध्या ब्लॉबमध्ये घातलं आणि स्ट्रिक्ट मोड (न मावणारी माहिती नाकारणारी मांडणी) बंद असेल तर सर्व्हर एक इशारा देऊन बाइट कापून टाकतो आणि नोंद 'यशस्वी' होते. चित्राचा वरचा पट्टा दिसतो, खाली करडा रंग. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो, तेव्हा आता सरळ त्रुटी येते. पण जुना प्रोग्रॅम चालावा म्हणून तो मोड बंद केलेले सर्व्हर आजही भेटतात.

मग कमाल पॅकेटची, म्हणजे एका खेपेला किती बाइट पाठवता येतात याची, मर्यादा. ५.७ मध्ये सर्व्हरची ती आपसूक ४ एमबी होती, ८.० मध्ये ६४ एमबी, आणि काही केलं तरी १ जीबीच्या वर जात नाही. त्यामुळे लाँगब्लॉबचे ४ जीबी एका क्वेरीत कधीच जाणार नाहीत.

आणखी: बदलांचा लॉग चालू असेल तर प्रत्येक चित्र टेबलमध्ये एकदा आणि लॉगमध्ये पुन्हा एकदा लिहिलं जातं. डंप, म्हणजे डेटाबेसची मजकुरातली प्रत, हेक्स रूपात (० ते ९ आणि ए ते एफ या अक्षरांत) काढला तर एका बाइटची दोन अक्षरं, म्हणजे दुप्पट आकार. आणि कुणीतरी कुठेतरी 'सगळे रकाने द्या' अशी क्वेरी लिहितोच, मग पन्नास नोंदींच्या यादीसाठी शेकडो एमबी मेमरीत येतात.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसची तऱ्हा वेगळी. तिथे ओळ २ केबीच्या आसपास गेली की मोठं मूल्य टोस्ट नावाच्या बाजूच्या टेबलमध्ये तुकड्यांनी जातं, आणि रकाना मागितला नाही तर ते वाचलंही जात नाही. एका मूल्याची मर्यादा १ जीबी. सोय चांगली आहे, पण बॅकअप आणि लॉगचा भार तिथेही चुकत नाही.

उंबरठा

यातलं बरंचसं चित्रांचं टेबल वेगळं ठेवलं तर सुटतं. नोंदींचं टेबल सडपातळ राहतं, चित्र हवं तेव्हाच जोडायचं. बॅकअप मोठा होतो हे मान्य, पण फाइलींचा बॅकअप काय हवेत राहतो? बाइट तेवढेच.

माझा प्रश्न तसाच आहे. फाइल आणि नोंद सुटणार नाहीत अशी पद्धत मला पायरीपायरीने दाखवा. 'काळजी घ्यायची' हे उत्तर नको.

दीपस्तंभ

दाखवतो. हे काम मी रोज करतो आणि पद्धत फार अवघड नाही. पण तिच्या पायऱ्यांचा क्रम उलटा झाला तर सगळं फुकट जातं.

दोन्ही गोष्टी एकाच क्षणी होणं शक्य नाही, हे आधी स्वीकारायचं. मग ठरवायचं की मध्येच काही कोसळलं तर कोणती विसंगती चालेल. मालक नसलेली फाइल उरली तर काय बिघडलं? थोडी जागा गेली. फाइल नसलेली नोंद उरली तर पुरावा गेला. म्हणजे जी काही गडबड व्हायची ती नेहमी पहिल्याच बाजूला व्हावी, असा क्रम लावायचा.

चढवताना: चित्र आधी तात्पुरत्या नावाने, त्याच डिस्क विभागावर लिहा. पूर्ण झालं की एफसिंक करा, म्हणजे बाइट खरोखर डिस्कवर गेले याची खातरी. त्याचा एसएचए-२५६ हॅश काढा, म्हणजे बाइटांवरून निघणारा छोटा ठसा, बाइट बदलले की तोही बदलतो. मग फाइलचं नाव बदलून कायमच्या जागी न्या. एकाच फाइल सिस्टिममध्ये नाव बदलणं अखंड असतं, अर्धं कधीच होत नाही. ते झाल्यावर फोल्डरलाही एफसिंक करा, ही पायरी बहुतेक जण गाळतात. या सगळ्यानंतरच डेटाबेसमध्ये नोंद घाला: फाइलचं नाव, आकार, हॅश, रुंदी-उंची, प्रकार. मध्ये वीज गेली तर फार तर एक बेवारस फाइल उरेल.

पुसताना उलटं. आधी नोंद काढा आणि कमिट होऊ द्या. फाइलला हात लावू नका. बेवारस फाइली शोधणारा वेगळा झाडू-प्रोग्रॅम रात्री चालवा, आणि त्याने फक्त बेवारस होऊन बरेच दिवस झालेल्या फाइलीच काढाव्यात, समजा महिना उलटलेल्या.

बदल करताना: फाइलवर कधीही पुन्हा लिहू नका. चित्र फिरवलं, कातरलं, तर नवीन फाइल, नवीन नाव, आणि नोंद नव्या नावाकडे वळवा. याचा आणखी एक फायदा: त्या नावाचं चित्र कधीच बदलणार नाही, म्हणून ब्राउझरला 'वर्षभर ठेवून घे' असं निर्धास्त सांगता येतं.

आता बॅकअप, जिथे उंबरठा यांचा मुद्दा सर्वांत टोकदार आहे. आधी डेटाबेसचा डंप, नंतर फाइलींची प्रत. डंपमध्ये जी नोंद आहे तिची फाइल तिच्याआधीच लिहिलेली होती, आणि फाइल महिनाभर पुसली जात नाही. त्यामुळे फाइलींची प्रत तासभर चालो की रात्रभर, डंपमधल्या प्रत्येक नोंदीची फाइल त्या प्रतीत असणारच. प्रतीत काही जास्तीच्या फाइली येतील, त्यांचा त्रास नाही. क्रम उलटा केला, फाइली आधी आणि डंप नंतर, तर मधल्या वेळात आलेल्या नोंदींची चित्रं बॅकअपमध्ये नसतील. हा उलटा क्रम मी अनेक ठिकाणी चालू असलेला पाहिलाय.

आणि फाइली कधीच बदलत नसल्यामुळे रोजची प्रत फक्त नव्या फाइलींची होते. इथे बाइट तेवढेच नाहीत, उंबरठा. रोज पूर्ण डंप काढत असाल तर ब्लॉब असताना तीच जुनी चित्रं रोज नव्याने लिहिली जातात.

उंबरठा

हे उत्तर मला पटलं. 'कोणती विसंगती चालेल' हे आधी ठरवून क्रम लावण्यात खरी ताकद आहे. एक भर घालतो: हॅश नोंदीत आहे, तर तो वापरा. ठरावीक काळाने प्रत्येक नोंदीची फाइल उघडून हॅश पुन्हा काढायचा आणि ताडून पाहायचा. फाइल नाहीशी झाली, कुणी बदलली, डिस्कवर एखादा बिट उलटला, तिन्ही गोष्टी पकडल्या जातात. गंमत म्हणजे ब्लॉबमध्ये चित्र ठेवणारे ही तपासणी सहसा करत नाहीत, कारण डेटाबेसवर त्यांचा विश्वास असतो.

तरी मी म्हणेन की लहान आणि नोंदीचाच भाग असलेली चित्रं, जसं अर्जावरची सही, ती डेटाबेसमध्येच असावीत. तिथे आकार काही केबींचा असतो आणि सहीशिवाय तो अर्जच अपुरा.

दीपस्तंभ

सहीबद्दल सहमत.

मध्यरात्र

फोल्डरबद्दल कुणी बोललं नाही. सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये टाकू नका. आजच्या फाइल सिस्टिम ते सहन करतात, पण त्या फोल्डरची यादी काढणं, प्रत काढणं, सगळंच रेंगाळतं. नावाची पहिली दोन अक्षरं हे फोल्डर, पुढची दोन हे उपफोल्डर, असं केलं तर हेक्स नावांना २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ कप्पे मिळतात. विकिपीडियामागचं मीडियाविकी हॅशवरूनच फोल्डर ठरवतं. वर्डप्रेस वर्ष आणि महिन्याप्रमाणे ठेवतं. दोन्ही चालतं, मला हॅशची वाटणी आवडते कारण ती सारखी पसरते. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र फोल्डर मात्र करू नका. लिनक्सच्या जुन्या ईएक्सटी३ फाइल सिस्टिममध्ये एका फोल्डरखाली सुमारे ३२,००० उपफोल्डरांचीच मर्यादा होती, आणि लोक तिला धडकायचे.

इनोडकडेही, म्हणजे प्रत्येक फाइलच्या माहितीसाठी डिस्कवर राखलेल्या जागेकडेही, लक्ष ठेवा. ईएक्सटी४ मध्ये डिस्क फॉरमॅट करतानाच इनोडची संख्या ठरते. लहान फाइली ढिगाने झाल्या की जागा शिल्लक असूनही 'डिस्कवर जागा नाही' असा संदेश येतो, आणि माणूस चक्रावतो. लघुचित्रांच्या चार-पाच आवृत्त्या ठेवणाऱ्यांना हे लवकर भेटतं.

कोरीपाटी

मग खूप मोठी संकेतस्थळं काय करतात? त्यांच्याकडे तर अब्जावधी फाइली असतील.

मध्यरात्र

चांगला प्रश्न. फेसबुकने २०१० मध्ये हेस्टॅक नावाच्या आपल्या साठवणीबद्दल शोधनिबंध लिहिला. तेव्हा त्यांच्याकडे २६० अब्जांहून जास्त चित्रं होती, २० पेटाबाइटच्या वर. सुरुवातीला एक चित्र म्हणजे एक फाइल अशीच रचना होती. अडचण चित्राच्या बाइटची नव्हतीच. फाइलचं नाव शोधायला, मग इनोड वाचायला, मग बाइट वाचायला, अशा डिस्कच्या फेऱ्या एका चित्रामागे व्हायच्या. त्यांनी अनेक चित्रं एका प्रचंड फाइलमध्ये एकामागून एक रचली आणि कोणतं चित्र कुठून सुरू होतं याची छोटी सूची मेमरीत ठेवली. एका चित्राला डिस्कची एक फेरी. त्यांनाही चित्रं साध्या डेटाबेसच्या टेबलमध्ये भरावीशी वाटली नाहीत. पण हा उपाय त्या आकाराला शोभतो, पानफूल यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

पानफूल

आता खासगी चित्रांचं सांगा. पहिल्या तटाचा हा मोठा मुद्दा आहे: फाइलचा पत्ता कळला की कुणीही उघडेल.

साठवण

फाइल वेब सर्व्हरच्या उघड्या फोल्डरमध्ये ठेवली तरच. मूळ चित्रं त्या फोल्डरच्या बाहेर ठेवा. मागणी आली की प्रोग्रॅम आधी अधिकार तपासतो, आणि मंजूर असेल तर स्वतः बाइट न पाठवता वेब सर्व्हरला एका हेडरमधून सांगतो की अमुक फाइल दे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये त्याला एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्ट म्हणतात, अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरसाठी एक्स-सेंडफाइलचं मॉड्यूल मिळतं. तपासणी तुमची, वाहतूक वेब सर्व्हरची. अशा उत्तरावर कॅशचं हेडर 'खासगी' ठेवा, नाहीतर मधला एखादा प्रॉक्सी ते धरून ठेवेल आणि दुसऱ्याला देईल.

फाइलचं नाव सभासदाने दिलेलं कधीही वापरू नका. त्यात दोन टिंबं आणि तिरकी रेघ घालून वरच्या फोल्डरात शिरता येतं. चित्र म्हणून पीएचपी भाषेतल्या प्रोग्रॅमची फाइल चढवणारेही असतात, म्हणून चित्रांच्या फोल्डरमध्ये कोणताही प्रोग्रॅम चालणार नाही अशी वेब सर्व्हरची मांडणी हवी. एसव्हीजी (मजकुरातून रेखाटली जाणारी चित्रं) तर घेऊच नका, त्यात स्क्रिप्ट लपवता येते. हा एक मुद्दा मी प्रामाणिकपणे डेटाबेसच्या खात्यात टाकतो: ब्लॉबमधली फाइल सर्व्हरवर आपोआप चालवली जात नाही.

दीपस्तंभ

दुर्मीळ वनस्पतींचं काम आहे म्हणून कळकळीने सांगतो. मोबाइलच्या चित्रात एक्झिफ माहिती असते, आणि लोकेशन चालू असेल तर त्यात अक्षांश-रेखांश असतात. तुम्ही पानावरून जागा लपवाल, आणि मध्यम आकाराच्या चित्रातून तीच जागा कुणीही वाचून थेट त्या रोपापाशी जाईल. आवृत्त्या बनवताना जीपीएसचे भाग काढून टाका. बनवणाऱ्या साधनाने ते आपोआप काढले असतील असं धरू नका, तयार चित्र उघडून बघा. मूळ चित्रात ते राहू द्या, अभ्यासाला लागतील. म्हणूनच मूळ चित्र कडेकोट ठेवायचं. इथे फाइल की ब्लॉब याने काहीही फरक पडत नाही.

पानफूल

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. आज रात्रीच चढवण्याच्या पायरीत घालतेय.

आमचं ठरलं. मूळ चित्रं फाइल म्हणून, उघड्या फोल्डरबाहेर. लघुचित्रं आणि मध्यम चित्रंही फाइल, पण त्यांचा बॅकअप नाही, लागली तर पुन्हा बनवू. डेटाबेसमध्ये प्रत्येक चित्राची स्वतंत्र ओळ, हॅशसकट. दीपस्तंभ यांचा क्रम जसाच्या तसा. पहिल्या तटातल्या मैत्रिणीने हा धागा वाचला आणि 'आधी डंप, मग फाइली' इथे ती स्वतःच म्हणाली की आता हरकत नाही.

दोन प्रश्न उरलेत. उद्या सर्व्हर दोन झाले तर? आणि हॅश हेच फाइलचं नाव ठेवलं, दोन सभासदांनी तंतोतंत तेच चित्र चढवलं, तर फाइल एकच राहील. मग एकाने आपली नोंद काढली तर दुसऱ्याचं चित्र जाईल का?

साठवण

सर्व्हर दोन झाले, किंवा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये (हवा तेव्हा नव्याने उभा करता येणाऱ्या बंदिस्त पेटीत) गेला, की स्थानिक डिस्क विसरायची. कंटेनर नव्याने उभा राहिला की त्याच्या पोटातल्या फाइली जातात, वेगळा व्हॉल्यूम जोडलेला नसेल तर. तेव्हा ऑब्जेक्ट स्टोअरकडे, म्हणजे नेटवर्कवरून फाइली ठेवून घेणाऱ्या सेवेकडे, जा. अ‍ॅमेझॉनचं एस३ २००६ पासून आहे, आणि तशाच पद्धतीने बोलणारी इतर कंपन्यांची आणि स्वतः चालवायचीही साधनं आहेत. एस३ मध्ये पूर्वी एखादी वस्तू बदलल्यावर लगेच वाचली तर जुनी मिळू शकायची. डिसेंबर २०२० पासून लिहिलेलं लगेच वाचता येतं. तुम्ही फाइल कधी बदलणारच नाही, त्यामुळे तुमचा कोड जवळपास तोच राहील: आधी वस्तू, मग नोंद. खासगी चित्रांसाठी ठरावीक मिनिटांनी बाद होणारी सही केलेली लिंक बनवता येते. आत्ता एवढंच करा: टेबलमध्ये डिस्कवरचा पूर्ण पत्ता लिहू नका, फक्त नाव लिहा. पत्ता कोडमध्ये एकाच जागी जोडला जाऊ दे.

उंबरठा

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. झाडू-प्रोग्रॅम 'या फाइलकडे बोट दाखवणारी एकही नोंद नाही' हे पाहूनच फाइल काढणार असेल, तर दुसऱ्याचं चित्र जाणार नाही. पण बारीक फट उरते. झाडूने तपासलं, नोंद नाही असं दिसलं. त्याच क्षणी कुणीतरी तेच चित्र पुन्हा चढवलं. प्रोग्रॅमने पाहिलं की या हॅशची फाइल आधीच आहे, म्हणून फक्त नोंद घातली. पुढच्या क्षणी झाडूने फाइल उडवली. फाइल नसलेली नोंद, म्हणजे नेमकी तुम्हाला नको असलेली बाजू. ही फट कुलूप लावून बुजवता येते, पण ते कुलूप चढवताना आणि झाडताना, दोन्हीकडे न चुकता घ्यावं लागतं.

तुमच्यासाठी मी हा बेतच सोडून देईन. दोन माणसांनी काढलेली छायाचित्रं बाइटला बाइट सारखी जवळपास कधीच नसतात, तेव्हा एकच प्रत ठेवून वाचणारी जागा नगण्य. फाइलला प्रत्येक चढवणीचं स्वतंत्र यादृच्छिक नाव द्या, १२८ बिटचं यूयूआयडी पुरे. एक नोंद, एक फाइल, वाटेकरी कुणी नाही. ते नाव हेक्समध्येच असतं, त्यामुळे मध्यरात्र यांची कप्प्यांची वाटणीही तशीच चालेल. हॅश फक्त रकान्यात ठेवा, ताडून पाहण्यासाठी. त्या रकान्यावर इंडेक्स टाकलात तर तेच चित्र दुसऱ्यांदा चढवलं जातंय हे जाणकारांना दाखवता येईल. ते मात्र तुमच्या कामात उपयोगी आहे, कारण दुसऱ्याचं चित्र स्वतःचं म्हणून चढवणारा त्यात लगेच सापडतो.

पानफूल

यूयूआयडीच घेतो. हॅशच्या रकान्यावर इंडेक्सही टाकतो, आणि जुळणारी चित्रं ओळख पक्की करणाऱ्यांच्या पानावर शेजारीशेजारी दाखवू.